त्या गृहस्थांना सांग

"उज्ज्वला, त्या गृहस्थांना सांग, कपाटातली डिस्क वापरून झाली की जागेवर ठेवायची असते."

ते गृहस्थ माझ्यापासून दोन हातांवर बसले होते. नाव अरविंद सोहोनी. कानांनी ठणठणीत. तरीही उज्ज्वला ढमढेरे, जिचं टेबल आम्हा दोघांच्या मधे होतं, मान वळवून त्यांना म्हणाली, "सर, मॅडम म्हणतात, जमलं तर ती डिस्क कपाटात ठेवाल का?"

"त्यांना सांग, ठेवली आहे. डोळे उघडून बघा म्हणावं."

"मॅडम, सर म्हणतात, ठेवली आहे."

असं आमचं ऑफिस चालायचं. कोथरूडला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. आम्ही डिस्कच्या पेट्या बनवायचो. एका पेटीत बऱ्याच हार्ड डिस्क, आणि त्यांच्याशी बोलणारा, कर्नेलमधला म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यातला ड्रायव्हर आमचा स्वतःचा. हा ड्रायव्हर म्हणजे मधला माणूस. वरचे प्रोग्रॅम त्याच्याकडे मागतात, तो डिस्ककडे मागतो, आणि डिस्क जे म्हणेल ते वर कळवतो. डिस्क धडधाकट असेपर्यंत हे काम कुणीही करेल. डिस्क आजारी पडली की मग ड्रायव्हर लिहिणाऱ्याची अक्कल दिसते.

सोहोनींची अक्कल मी कधी नाकारली नाही. माणूस हुशार होता, आणि त्या हुशारीचा त्याला माज होता. एकदा ग्राहकासमोर माझ्या कोडबद्दल म्हणाले, "बाईंनी निगुतीनं केलंय, पण हे काही लोणचं नाही मुरत ठेवायला." मी तिथल्या तिथे म्हटलं, "तुमच्या लोणच्याला तर घालतानाच बुरशी धरते." त्या दिवसापासून आमचा अबोला. मला त्याचं काडीचं वाईट वाटत नव्हतं. उलट दिवस शांत जायचा, आणि निरोप न्यायला उज्ज्वला होतीच. पोरगी गुणी, दोघांच्याही हाताखाली शिकलेली, आणि कुणाचं मन मोडणं तिच्या जिवावर यायचं.

त्या वर्षी मिरजेच्या एका रुग्णालयानं आमच्या डोक्याला ताप दिला होता. त्यांचे सगळे एक्स-रे आमच्या पेटीत होते, आणि पेटीतली एक डिस्क खराब व्हायला लागली होती. आमचा जुना ड्रायव्हर चिकट. एखादी जागा वाचता आली नाही की तो पुन्हा मागायचा, पुन्हा मागायचा, मग डिस्क बंद करून चालू करायचा आणि परत पहिल्यापासून तेच. तोवर अख्खी पेटी ठप्प. टेबलावर रोगी झोपवलेला आणि पडद्यावर फोटो येत नाही, असं तिथे दोनदा झालं. डॉक्टर मगदूम फोनवर मला म्हणाले होते, "मॅडम, मला नुसता आजचा फोटो नको ओ. जुना पण पाहिजे. छातीत डाग दिसला की मी आधी जुना फोटो काढतो. डाग तेवढाच असला तर माणूस घरी जातो. वाढला असला तर छाती उघडायला लागते. जुना फोटो म्हणजे माझ्या पेशंटचं नशीब आहे, समजा."

तेव्हा मला एक ड्रायव्हर लिहायचा होता जो थोडा प्रयत्न करेल आणि मग सरळ वर सांगेल: ही जागा वाचता येत नाही. बाकीच्या डिस्क अडवून ठेवणार नाही. सोहोनींना खराब जागा परस्पर दुरुस्त करणारा ड्रायव्हर हवा होता. साहेबांनी काम त्यांना दिलं. मी जळले, हे कबूल आहे.

आमच्याकडे एक आजारी कपाट होतं. चांगली डिस्क कुठल्याही दुकानात मिळते, पण नीट बिघडलेली डिस्क मिळायला नशीब लागतं. ड्रायव्हरची परीक्षा घ्यायची तर तीच हवी. म्हणून आम्ही अशा डिस्क जिवापाड जपायचो. त्यांना नावं होती. एक खोकला, एक विसराळू, आणि सगळ्यांत मौल्यवान हट्टी. हट्टीवर एक पट्टा असा होता की तिथे गेली की ती रुतून बसायची. मिरजेच्या डिस्कचं दुखणं हुबेहूब तेच.

तर त्या सकाळी मी हट्टी कपाटातून काढली, यंत्राला जोडली आणि तो पट्टा वाचायला लावला. डिस्क सुरळीत चालली. पुन्हा लावला. पुन्हा सुरळीत. जुन्या ड्रायव्हरवर घातली, तरी कुरकुर नाही.

"उज्ज्वला," सोहोनी खुर्चीत रेलून मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "त्यांना सांग, नवा ड्रायव्हर असा झालाय की पेटी तर अडकत नाहीच, पण डिस्कसुद्धा बरी होते."

"मॅडम, सर म्हणतात, हट्टी सुधारली."

मेलेल्या जागा अशा सुधारत नसतात. मी त्या पट्ट्यावर काय आहे ते उघडून बघितलं. या डिस्कवर आम्ही सुरुवातीलाच एका ठरावीक क्रमानं आकडे भरून ठेवले होते. पट्ट्याच्या अलीकडे तो क्रम होता, पलीकडेही होता. मधे नुसती शून्यं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "त्यांना विचार, ही शून्यं कुणी लिहिली?"

"सर, मॅडम विचारतात—"

"माझ्या ड्रायव्हरनं लिहिली. वाचता न येणाऱ्या जागेवर नवं काही लिहिलं की डिस्क ती जागा बाद करते आणि राखीवातली जागा देते. पहिल्या धड्यातली गोष्ट आहे, त्यांना सांग."

"मॅडम, सर म्हणतात, लिहिल्यामुळे डिस्क—"

"ऐकलं मी. त्यांना विचार, तिथे आधी जे होतं त्याचं काय?"

"ते दुसऱ्या प्रतीतून वरचा प्रोग्रॅम भरतो. दोन प्रती ठेवायच्या त्या कशासाठी? त्यांना सांग, इथे टेबलावर दुसरी प्रत नाही म्हणून शून्यं दिसतायत. पेटीत दिसणार नाहीत."

"मिरजेच्या पेटीत दुसरी प्रत नाही," मी म्हटलं.

उज्ज्वलानं मान वळवली नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली.

"उज्ज्वला, काय म्हणाल्या त्या?" सोहोनींनी विचारलं. त्यांनी ऐकलं होतं. तरी विचारलं, कारण तशी सवय होती.



"मी गेल्याच महिन्यात निरोप दिला होता," मी म्हटलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट त्यांच्याकडे तोंड केलं. "डॉक्टरांना जागा पुरेना म्हणून त्यांनी दुसरी प्रत बंद करून टाकलीय. तिथे तुम्ही जे पुसाल ते कायमचं पुसलं जाईल. हे सांगितलं होतं तुम्हाला!"

"मला?" सोहोनी उभे राहिले. "कुणी? मला एवढंच कळलं होतं की मिरजेकडे जरा लक्ष असू द्या. मी म्हटलं, आहे लक्ष. आणि मी उलट विचारलं होतं, की तिथे प्रती दोनच आहेत ना? त्याचं उत्तर आलं नाही. नाही आलं म्हणजे आहेत, असं धरलं मी."

"मला असा प्रश्न आलाच नाही."

आम्ही दोघांनी उज्ज्वलाकडे बघितलं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, 'त्या गाढवाला सांग, त्यानं तिथे काही पुसलं तर देवसुद्धा परत आणणार नाही.' असं मी सरांना कसं सांगू? आणि सर म्हणाले होते, 'त्या अतिशहाण्या बाईंना विचार, निदान प्रती दोन आहेत एवढं तरी माहीत आहे का.' मला वाटलं, हा नुसता टोमणा आहे."

"म्हणून सोडून दिलंस?" सोहोनी ओरडले. "अगं, प्रश्न होता तो!"

"मग प्रश्नासारखा विचारायचा होतात!" उज्ज्वलाचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "रोज तुम्ही दोघं एकमेकांना जे बोलता, त्यातलं निम्मं जरी मी पोचवलं असतं ना, तर हे ऑफिस कधीच बंद पडलं असतं. तांदूळ निवडल्यासारखी मी तुमच्या शिव्या निवडून टाकत होते. त्यात थोडे तांदूळ गेले. मी काय करू?"

तिच्या या बोलण्यावर मला दया यायला हवी होती. नाही आली. मला तिची मानगूट धरावीशी वाटली.

"ड्रायव्हर मिरजेला गेलाय का?" मी विचारलं.

"सोमवारीच टाकला," सोहोनी म्हणाले आणि खाली बसले.

फोन उज्ज्वलानं लावला, कारण ग्राहकांचे फोन तीच लावायची. पलीकडून डॉक्टर मगदूम खुशीत होते. स्पीकर चालू होता, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "काय ओ उज्ज्वलाताई! मशीन एकदम झकास चाललंय बघा. आता कुठं म्हणून अडकत नाही. पेढे द्यायला पाहिजेत तुम्हाला."

"हो का सर? छान, छान," ती म्हणाली. "फोन अशासाठी केला होता की एक बारीकशी—"

मी तिच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. "डॉक्टर, मी सुलभा आठल्ये. आत्ताच्या आत्ता पेटी बंद करा. जे फोटो वाचता येत नव्हते, त्यांचे तेवढे भाग आमच्या ड्रायव्हरनं सोमवारपासून पुसून टाकलेत. ते परत येणार नाहीत."

मग त्यांनी विचारलं, "कुणाकुणाचे?"

मी सोहोनींकडे बघितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"नोंद असेल ना?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"जागा दुरुस्त झाली, आता दुसऱ्या प्रतीतून भरा, असं ड्रायव्हर वर कळवतो," ते म्हणाले. "दुरुस्त झालेल्या चुकीची नोंद कशाला ठेवायची?"

"मॅडम, कुणाकुणाचे ते सांगा," डॉक्टर म्हणाले.

"ते सांगता येत नाही," मी म्हटलं.

त्यानंतर डॉक्टर जे बोलले ते मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सोहोनी आणि मी मिरजेत एका खोलीत शेजारी शेजारी बसलो होतो. पेटीतला प्रत्येक फोटो उघडायचा आणि नजरेनं तपासायचा, याला दुसरा इलाजच नव्हता. पुसलेली जागा फोटोत काळ्या पट्टीसारखी दिसायची, बरगड्यांवरून आडवी गेलेली. एकानं बटण दाबायचं, दुसऱ्यानं बघायचं. "पुढचा." "पुढचा." "काळी." "पुढचा." याखेरीज आम्ही एकमेकांशी चकार शब्द बोललो नाही. भांडायला कारणं पुरेशी होती, पण डॉक्टर मगदूम दारात येऊन उभे राहायचे आणि त्यांच्यासमोर भांडायची लाज वाटायची. काळ्या पट्ट्या बऱ्याच निघाल्या. नशीब एवढंच की त्यांतल्या पुष्कळशा खांद्यावर नाहीतर कडेला होत्या, जिथे कुणाचं काही अडणार नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी डॉक्टर एका बाईंना घेऊन आले. बेडग गावच्या आक्काताई चौगुले. साठीच्या असतील, हिरवं लुगडं, हाताची बोटं हळदीनं पिवळी पडलेली. दोन वर्षांपूर्वी पडल्या होत्या तेव्हा बरगडीसाठी छातीचा फोटो काढला होता. आता खोकल्यासाठी नवा काढला, त्यात उजवीकडे सुपारीएवढा पांढरा डाग दिसत होता. जुन्या फोटोत तो होता का, आणि असला तर केवढा होता, एवढंच डॉक्टरांना बघायचं होतं. त्या वेळी बघणाऱ्यानं नुसती बरगडी बघितली होती, डागाबद्दल लिहिलं नव्हतं.

सोहोनींनी नाव टाकलं. फोटो उघडला. पट्टी नेमकी तिथूनच गेली होती.

आक्काताई वाकून बघत होत्या. त्यांनी आधी नवा फोटो बघितला, मग जुना. "हितं तर काळं हाय की," त्या हरखून म्हणाल्या. "डाक्टर, तुमीच म्हनला हुता, काळं म्हंजे वारं, काळं म्हंजे छाती साफ. मग तवा डाग नव्हता म्हना की."

"तसं नाही, आक्का. तेवढा फोटो पुसला गेलाय."

"पुसला? कुनी पुसला?"

"ह्यांना विचारा," डॉक्टर म्हणाले. "मी मधे बोलणार नाही."

सोहोनींनी घसा खाकरला आणि डिस्क, खराब जागा, राखीव जागा असं काहीतरी सुरू केलं. बाई अदबीनं ऐकत होत्या. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, हे सोहोनींनाही कळत होतं, तरी ते थांबेनात. मला ते असह्य झालं.

"आक्का," मी म्हटलं, "तुमचा जुना फोटो आमच्या चुकीमुळे गेला. त्यात डाग होता की नव्हता, ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

"मग आता?"

"आता उघडून बघायला लागणार," डॉक्टर म्हणाले. "सुईनं तुकडा काढायला जमेल अशी जागा नाही ती."

"कुटनं कापनार?"

डॉक्टरांनी स्वतःच्या काखेखालून पाठीपर्यंत बोट फिरवून दाखवलं. बाईंनी ते नीट बघून घेतलं. मग पदर खोचत म्हणाल्या, "हळद काढायला झालीया. शिमगा झाल्यावर येतो मी." आणि आमच्याकडे न बघता निघून गेल्या.

सोहोनी उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले. व्हरांड्यात कुणाची तरी नातेवाईक मंडळी डबे उघडून जेवायला बसली होती. त्यांच्यासमोरच आम्ही सुरू झालो.

"माझ्या तोंडावर का नाही सांगितलंत?" ते म्हणाले.

"तोंड होतं का तुम्हाला? पाठ फिरवून बसायचात."

"मेल टाकायची होती. कागद फेकून मारायचा होता. इतकी मोठी गोष्ट तुम्ही त्या पोरीच्या पदरात टाकलीत?"

"आणि तुम्ही? दुसरी प्रत आहे की नाही हे न बघता लोकांची छाती पुसायला निघालात! विचारलं तेही टोमण्यात गुंडाळून. मी तोंडावर येऊन सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं," ते म्हणाले. "तुम्हाला काम मिळालं नाही म्हणून जळताय, असं म्हटलं असतं."

"मग?"

"मग काही नाही. तरी सांगायला हवं होतं तुम्ही."

मला त्यांचा तेव्हा इतका संताप आला की तो आजही पुरता उतरलेला नाही. त्यांचंही तसंच असावं.

पुण्याला परतल्यावर ड्रायव्हर आम्ही दोघांनी मिळून पुन्हा लिहिला. उज्ज्वलानं आपलं टेबल उचलून खिडकीपाशी नेलं आणि सांगितलं की यापुढे मी कुणाचा निरोप नेणार नाही. त्यामुळे आमचा अबोला संपला, भांडण मात्र संपलं नाही. किती वेळा प्रयत्न करायचा यावरून आम्ही टेबलं बडवली. मी म्हणायचे, दोनदा मागा आणि सोडा. ते म्हणायचे, बाई, कधी कधी तिसऱ्यांदा मिळतं, तुम्ही कुणाचा तरी फोटो आळसापायी टाकून देताय. त्यात तथ्य होतं, आणि ते मान्य करताना माझ्या जिवावर आलं. शेवटी ठरलं ते असं: प्रयत्न मोजके, आजारी डिस्क बाजूला काढायची, बाकीच्यांचं काम चालू ठेवायचं, वाचता आलं नाही ते वाचता आलं नाही म्हणून वर कळवायचं, आणि त्या जागेवर आपण होऊन काहीही लिहायचं नाही. साहेब कुरकुरले. ग्राहकाला पडद्यावर चूक दिसली तर तो पेटी परत करील, म्हणाले. त्यांच्यावर मात्र आम्ही दोघं एकदम तुटून पडलो.

शिमगा होऊन गेला. एप्रिलच्या सुरुवातीला एका दुपारी उज्ज्वलाच्या टेबलावरचा फोन वाजला. ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मग तिनं फोन ठेवला, उठली आणि आम्हा दोघांच्या मधे, जिथे पूर्वी तिचं टेबल होतं, तिथे येऊन उभी राहिली.

"मिरजेहून डॉक्टर मगदूम बोलले," ती म्हणाली. "आक्काताईंचं ऑपरेशन झालं. डाग जुना होता. बरा झालेला क्षय. उघडायची काहीच गरज नव्हती. बाईंची एक बरगडी काढायला लागली, जखम चिघळलीय. हात वर जात नाही. यंदा हळदीच्या लावणीला उपयोग नाही, कदाचित पुढेही नाही. जुना फोटो असता तर त्याच दिवशी औषध देऊन घरी पाठवली असती, म्हणाले."

सोहोनींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणखी एक," उज्ज्वला म्हणाली. "डॉक्टरांनी तुम्हा दोघांना शिवी दिलीय. ती पण सांगू?"

"सांग," मी म्हटलं.

तिनं ती दिली होती तशी, मोठ्यानं, एक अक्षरही न गाळता सांगितली. मग ती खिडकीपाशी जाऊन कामाला लागली.